बैठकीतली नांद

३ एप्रिल १९८३, रविवार

माशांच्या टाकीचा खरा हिशोब एकदाच लिहून ठेवतो. काच आणि लोखंडी स्टँड, नागपूरहून, एकशे चाळीस रुपये. मासे दहा, तीस रुपये. पॅसेंजरमध्ये टीसीने टाकीचे लगेज लावले, सहा. सिंदी स्टेशनावरून बैलबंडीत घालून आणताना एका कोपऱ्याची पुट्टी निघाली, ती परत भरली, चार. रस्त्यात दोन मासे मेले, म्हणजे जिवंत माशाचा भाव आपोआप वाढला. घरी कांताला सांगितलेली किंमत साठ. फरक माझ्या पोटात राहील.

टाकी शौकासाठी नाही. शौक करणारे लोक निराळे, त्यांच्या बापांनी कमावून ठेवलेले असते. मी सायकलची पंक्चरं काढत इथवर आलो. आज मोटर वाइंडिंग, पंपसेट, पाईप, सगळे एका छताखाली. पुढे दुकान, मधे बैठक, मागे घर. पंपाच्या कंपनीला सिंदीत एकच एजन्सी द्यायची आहे. एक तर मला, नाही तर समोरच्या दुकानवाल्या रूपरावला. एरिया मॅनेजर प्रभाकरराव २० मेला येऊन दोघांची दुकाने पाहणार आणि ठरवणार.

मागच्या खेपेला त्यांना गाडीत बसवून द्यायला रूपरावही आला होता, मीही होतो. रूपराव संत्र्यांची टोपली डब्यात चढवण्यात गुंतला होता. साहेब शेजारच्या माणसाला काय सांगत होते ते फक्त मी ऐकले : घरी मासे पाळले आहेत, संध्याकाळी तासभर पाहत बसतो, डोकं शांत होते. संत्री दोन दिवसांत संपतात. मासे डोळ्यासमोर राहतात. माझे कान तेज आहेत, देवाची देणगी. रस्त्याने जाणाऱ्या बंडीवरच्या मोटरचे बेअरिंग कोरडे आहे की नाही हे मी गल्ल्यावर बसून सांगतो.

रूपरावकडे काय आहे? लाकडी काउंटर, एक कूलर, आणि आल्यागेल्याला चहा. असा माणूस एजन्सी चालवणार. त्याच्या दुकानाची पायरी मी आजवर चढलो नाही, पुढेही चढणार नाही.

१० एप्रिल, रविवार

टाकीचे पाणी हिरवे झाले. मासे दिसत नाहीत, फक्त हालचाल दिसते. कांताने बादल्या भरभरून पाणी काढले, बादल्या भरभरून घातले. नंतर कंबर धरून बसली. म्हणाली, अजी, मी तुमच्याशी लग्न केलं का या माश्यायशी?

मी वचन दिले. या घरात यापुढे टाकीसाठी बादली उचलल्या जाणार नाही. ती म्हणाली, पाहू.

बायकांचा यंत्रावर विश्वास नसतो. पंपवाल्याच्या बायकोचा तर अजिबातच नसतो.

१२ एप्रिल

आयडिया सापडली. नागपूरच्या मासेवाल्याने बोलताबोलता सांगितले होते की मोठ्या शहरातल्या मत्स्यालयात वर दिसते ती टाकी खरी नव्हे. खरे काम खाली लपवलेल्या दुसऱ्या टाकीत चालते, तिला सम्प टँक म्हणतात. वरच्या टाकीतले जास्तीचे पाणी आपसूक खाली उतरते, खाली कोळसा आणि रेतीतून गाळल्या जाते, आणि पंप ते परत वर फेकतो. रात्रंदिवस. पाणी तेच, पण कायम नवे.

आज ते आठवले आणि मी समजलो की देवाने हे माझ्यासाठीच करून ठेवले आहे. साहेबांना मासे आवडतात. साहेबांची कंपनी पंप बनवते. माझ्या बैठकीत कंपनीचा पंप माशांना जगवताना दिसला तर रूपरावच्या संत्र्यांची काय कथा? एजन्सीचा कागद ते टाकीवर ठेवूनच सही करतील.

वर्धा जिल्ह्यात असे कोणाकडे नसेल. चौकशी केली नाही, पण नसेलच.

१४ एप्रिल

माझा फिटर श्रावण आज सुट्टीवर, जयंतीची मिरवणूक. त्यामुळे नळी मीच वाकवली. काचेला भोक पाडता येत नाही, म्हणून पाणी टाकीच्या काठावरून वर चढून खाली उतरले पाहिजे. त्यासाठी छत्रीच्या दांड्यासारखी वाकडी नळी लागते. पीव्हीसी पाईपमध्ये रेती ठासून भरली, शेगडीवर फिरवून फिरवून गरम केली, गुडघ्यावर वाकवली. पहिली करपली. दुसरी चपटी झाली. तिसरी उत्तम. गुडघा भाजला तो बाहेरून दिसत नाही.

कांता म्हणते स्वयंपाकघरात प्लास्टिकचा वास भरला, पोळ्याही तशाच लागून राह्यल्या. मला नाही लागल्या. मी कमी खाल्ल्या, ते वेगळ्या कारणाने.

१७ एप्रिल, रविवार

खालची टाकी म्हणून सिमेंटची नांद आणली. दुसरी काच घ्यायला मी काही मूर्ख नाही. खाली कोण पाहते? ढोराला पाणी पाजायची नांद, मजबूत, आडवी. बैठकीत न्यायला चार माणसे लागली आणि दाराच्या चौकटीचे एका बाजूचे लाकूड निघाले.

नेमका त्याच वेळी गिरडकडचा तानबा दुकानात आला. आमचा जुना गिऱ्हाईक, विहीर आहे, बागायत आहे, तोंडाला लगाम नाही. नांद बैठकीत जाताना पाहून म्हणतो, मालक, म्हैस कवा आणता? दूध तं आमाले बी लागते!

समोर रूपराव पायरीवर उभा होता. हसला नाही. न हसता उभे राहणे हा त्याचा जुना धंदा आहे. आतमध्ये हसत असतो.

१९ एप्रिल

दोन मासे गेले. नव्या सिमेंटचे पाणी माशाला चालत नाही, आधी आठवडाभर नांद पाण्याने भरून रिकामी करावी लागते. हे मासेवाल्याने सांगायला हवे होते. मी विचारले नाही हे खरे, पण दुकानदाराने न विचारता सांगायचे असते. मी सांगतो. माझ्याकडून पंप घेणाऱ्याला मी तासभर सांगतो, त्याला नको असले तरी सांगतो.

कांताने उरलेले सहा मासे काढून तांब्याच्या घंगाळात ठेवले आणि घंगाळ बाजूच्या अंगणात निंबाखाली नेले. मी म्हटले यंत्राशिवाय मासा जगत नाही, हवा लागते त्याला. ती म्हणाली, आमच्या माहेरी तळ्यात कोणतं यंत्र होतं जी?

वाद घातला नाही. माहेरचे तळे आले की मी वाद घालत नाही.

२६ एप्रिल

नांद धुऊन काढली. मासे परत वर. चाचणी. कूलरचा छोटा पंप नांदेत सोडला. पाणी वर गेले, पण असे की म्हाताऱ्या माणसाने शिंकावे. थांबून थांबून. वाकडी नळी सुरू होईना, तिला तेवढे पाणीच नाही. संध्याकाळी रेती अडकून पंप बसला. आता कूलरलाही पंप नाही.

कांता म्हणाली, वर्तमानपत्रात पारा छेचाळीस लिवून आला, माश्यायले थंड पाणी अन् आपल्याले लू?

तिला समजावले की आणखी थोडेच दिवस. एजन्सी आली की दोन कूलर. एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. तिने विचारले माशांसाठी नाही का. टोमणा होता. मी हसून सोडून दिला.

खरी गोष्ट अशी की कूलरचा पंप लावणेच चूक होते. पंपवाल्याच्या घरी कूलरचा पंप! लोकांनी काय म्हटले असते? उद्यापासून कंपनीचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक पंप. जो बागेला पाणी देतो तो माशाला का देणार नाही?

२ मे

अर्ध्या हॉर्सपॉवरने पाणी दिले.

एक मासा छतापर्यंत गेला नाही, पण भिंतीवरच्या फोटोपर्यंत गेला. कांताने झेलला. तिचा हात असा चालतो हे इतक्या वर्षांत माहीत नव्हते. नळीतून खाली जाणारे पाणी आणि पंपातून वर येणारे पाणी यांचा मेळ बसला नाही, म्हणून टाकी काठावरून वाहिली. श्रावणने पाईपवर कॉक बसवला आणि चिमटीत धरून थोडाथोडा फिरवत पाणी कमी केले. आता अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप गळा दाबल्यासारखा गुरगुरतो. त्याला हे आवडत नाही, मला कळते. सहन कर बाबा, वीस तारखेपर्यंत.

५ मे

तानबा परत आला. नेहमीचे रडगाणे. पंप पाणी सोडून राह्यला, मालक. रात्री बंद केला की सकाळी कोरडा. चालू केला की नुसता किंचाळते.

मी न पाहता सांगितले. फूट व्हॉल नाही. तो म्हणतो, पंप घेताना परवडला नाई, नंतर लावू म्हटलं. मग मी त्याला असा फैलावर घेतला की दुकानातले तिघे उभे राहून ऐकत होते. पाईपच्या खालच्या टोकाला झडप नसेल तर पंप थांबला की वर चढवलेले सगळे पाणी त्याच पाईपने माघारी येते. पाईप रिकामा, पंपात हवा. मग विजेची लाईन आली की पंप कोरडाच फिरतो, सील जळते, आणि शेतकरी म्हणतो कंपनी खराब. कंपनी खराब नाही, तुझे डोके खराब. मी म्हटले, फूट व्हॉल न लावणाऱ्याला पंप विकायलाच बंदी पाहिजे, कायद्याने. बह्याड माणूस म्हटले मी त्याला. तोंडावर.

तानबा म्हणाला, मालक, तुमी असे रागावता की आपली विहीर भरल्यासारखी वाटते. पण व्हॉल घेतला. नगदी.

भिंतीमागून कांताच्या बांगड्यांचा आवाज आला. ऐकत असते. ऐकू दे, शिकेल.

७ मे

फूट व्हॉल नांदेत मावत नाही. नांद हातभर खोल नाही, आणि फूट व्हॉल जाळीसकट चांगला वीतभर. पाणी जरा कमी झाले की जाळी वर येते आणि पंप हवा ओढतो, गुळगुळ गुळगुळ. बैठकीत बसलेल्या माणसाला वाटेल घरात कोणाचे पोट बिघडले आहे. हा आवाज मला सहन होत नाही. काढून टाकला.

श्रावण माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी म्हटले, फूट व्हॉल विहिरीसाठी असतो. पन्नास फूट खाली पाणी, तिथे झडप पाहिजे. ही बैठक आहे. इथे पंप बंद कोण करणार? बटण माझ्या ताब्यात.

तो म्हणाला, तुमी म्हणता तं ठीक.

शिवाय दुसरी सुधारणा. पंपाचे पाणी टाकीत वरून पडते तेव्हा बदबद आवाज होतो. म्हणून पाईपचे तोंड लांबवून थेट टाकीच्या तळाशी नेऊन ठेवले, रेतीच्या वर दोन बोटे. आता आवाज शून्य. ज्याला कान आहेत त्यालाच असे सुचते. रूपरावला हे सुचले नसते.

१२ मे

चालले!

सकाळपासून चालू आहे. पाणी काचेसारखे. म्हणजे काच कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते कळत नाही. सहा मासे असे फिरतात जणू त्यांनीच बांधले. गावातले लोक येऊन पाहून जात आहेत. ज्यांनी कधी एक नट घेतला नाही तेही आले. पोस्टमास्तर म्हणाले, यात माणसाला काही करावे लागत नाही? मी म्हटले, माणूसच लागत नाही. हेच तर यंत्र.

रूपरावही आला. दारातूनच पाहिले. म्हणाला, बाबाराव, लाईन गेल्यावर कसं करता?

मत्सर. मी म्हटले, लाईन येते तेव्हा आपोआप सुरू होते. तो मान हलवून गेला. लाईन गेल्यावर त्याच्या दुकानात तर पंखाही फिरत नाही, आणि विचारतो मला.

ठरवले की एजन्सी आल्यावर त्याला पाईपच्या मालात थोडी सवलत द्यायची. माणूस वाईट नाही. फक्त लहान आहे.

१६ मे

उकाडा. कांता आता अंगणात झोपते, निंबाखाली. मी बैठकीत झोपतो, टाकीच्या जवळ, आवाज बदलतो का ते ऐकायला. पंपाच्या गुरगुरीने झोप येत नाही, म्हणून सगळे ऐकू येते. फायदाच.

कांताने विचारले, पाव्हणा आला तं त्याले बी या भट्टीतच बसवान का? विचार केला. साहेबांना आधी बैठकीबाहेरच्या ओट्यावर निंबाच्या सावलीत बसवीन. तिथे पन्हे देईन, थोडे बोलणे होईल, आणि मग एकदम बैठकीचे दार उघडीन. नाटकात पडदा उघडतो तसे.

पण लाईनची गोष्ट डोक्यात राहिली. आजूबाजूच्या गावांत आजकाल दुपारी जाते, बारा तारखेपासून आपल्याकडे नाही गेली. गेली तरी काय, पुन्हा येतेच. सोडून दिले.

१९ मे

उद्या. टाकीची काच लिंबाने पुसली. पंपावरचे कंपनीचे नाव तेल लावून चमकवले. स्टँडला नवा रंग दिला, अजून थोडा ओला आहे. दारामागे हार ठेवला आहे, सही झाल्यावर घालायचा. कोणाला घालायचा ते ठरले नाही. साहेबांनी मला घातला तर जास्त बरे दिसेल.

कांताला सांगितले की उद्या नवे लुगडे नेसजो. ती म्हणाली, माश्यायले पाह्यले येऊन राह्यला तो, मले नाई.

श्रावणला सांगितले, उद्या कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही. काही झाले तरी.

२१ मे

काल लिहिता आले नाही. बैठकीत बसायला कोरडी जागा नव्हती.

झाले ते असे. साहेब दहाच्या पॅसेंजरने आले. आधी रूपरावकडे गेले, कूलरसमोर बसले, तासभर. नंतर माझ्याकडे. मी ठरल्याप्रमाणे ओट्यावर बसवले. पन्हे दिले. रूपरावही मागे मागे आला आणि ओट्याच्या कोपऱ्यावर टेकला. बोलावले नव्हते, पण गावात कोणाला उठ म्हणता येत नाही. मी म्हटले बरेच झाले, दोघांनी एकदम पाहावे.

बोलणे रंगात आले होते. मी पंक्चरपासून सुरू केले होते आणि पहिल्या मोटरपर्यंत आलो होतो. मधेच दुकानातला पंखा थांबला. लाईन गेली. मी साहेबांना म्हटले, लाईन येताच माझ्या घरात एक गोष्ट आपोआप सुरू होईल, माणूस लागत नाही, ती तुम्हाला दाखवायची आहे. साहेबांनी उत्सुकता दाखवली. मी मुद्दामच जास्त सांगितले नाही, दुसऱ्या मोटरकडे वळलो.

अर्धा तास गेला. लाईन आली. पंखा फिरला. आणि कुठून तरी तो आवाज आला. ज्याने पाच वर्षे पंप विकले आहेत तोही ओळखेल, आणि मी तर वीस वर्षे विकतो. कोरडा पंप. आधी घूं, मग बारीक किंकाळी, मग सील घासल्याची खरखर.

मला राहवले नाही. बोट वर करून म्हटले, ऐका साहेब. कोणाचा तरी पंप कोरडा चालून राहिला आहे. फूट व्हॉल नाही लावला. लाईन गेली, पाणी सगळे माघारी आले, आता सील जाते. असे बह्याड लोक आहेत या गावात. असल्या माणसाच्या हातात तुमचा माल जातो आणि तुमचे नाव खराब होते. हे बोलताना मी रूपरावच्या दुकानाकडे पाहत होतो, हे खरे आहे. त्याच्याकडे एक पंप नमुन्याला चालू असतो.

रूपराव माझ्या शेजारीच बसला होता.

साहेबांनी कान दिला. हळूच म्हणाले, बाबारावजी, आवाज तुमच्या घरातून येऊन राहिला आहे.

मी म्हटले, शक्य नाही. तेवढ्यात बैठकीच्या दाराखालून पाणी आले. आधी उंबरठ्यावर, मग ओट्यावर, मग सावकाश साहेबांच्या बुटापर्यंत. साहेबांनी पाय वर घेतले. मासे पाळणारा माणूस, पाणी पाहून लगेच समजला. उठून स्वतः दार उघडले. पडदा त्यांनीच उघडला म्हणायचे.

आत नांद काठोकाठ भरून वाहत होती, आणि वरची टाकी रिकामी. पाईपचे तोंड जितके खाली होते तितके पाणी खाली गेले. रेतीवर दोन बोटे. त्या दोन बोटांत सहा मासे आडवे पडून तोंड उघडत होते. मोनोब्लॉक रिकाम्या पोटाने किंचाळत होता. बटण मी बंद केले. श्रावण दुकानाच्या दारात हात मागे बांधून उभा होता. त्याला हात लावायचा नाही असे मीच सांगितले होते.

कांता मागून घंगाळ घेऊन धावत आली. चिखलात गुडघे टेकून ओंजळीने मासे उचलले. सहाही. मग कंपनीच्या मॅनेजरासमोर, नव्या लुगड्यात, म्हणाली, अजी, तुमीच तं सांगता रोज लोकायले. व्हॉल नसला की पाणी माघारी येते. वीस वर्षापासून भिंतीतून आयकून राह्यली मी. मले बी पाठ झालं, तुमाले कसं नाई झालं?

साहेब म्हणाले, वहिनी बरोबर म्हणतात. एवढेच. मग घंगाळाजवळ उकिडवे बसून मासे पाहत राहिले. बराच वेळ. म्हणाले, ही काळ्या मोली जातीची मादी आहे, पोटात पिल्लं आहेत, जपा.

माझ्या दुकानातला माल त्यांनी पाहिला नाही. वेळ नव्हता. दुपारच्या गाडीला रूपराव त्यांना पोचवायला गेला. मी पुसत होतो.

२४ मे

शांतपणे विचार केला. दोष माझा नाही. फूट व्हॉल नांदेत मावत नव्हता, म्हणजे दोष नांदेचा. नांद ढोरासाठी बनते, मोटरसाठी नाही. शिवाय लाईन गेली. शिवाय मी बोलत बसलो, कारण साहेब ऐकत होते. शिष्टाचार म्हणून एक गोष्ट असते.

उलट एक फायदा झाला. साहेबांनी प्रत्यक्ष पाहिले की फूट व्हॉल किती गरजेचा आहे. असा जिवंत दाखला त्यांना कोणी दिला नसेल. आणि कोरडा पंप मी न पाहता ओळखला, हेही त्यांनी पाहिले. असा कान असणारा माणूस एजन्सीला मिळणे कठीण. ते जरूर विचार करतील.

३० मे

रूपरावच्या दुकानावर कंपनीचा नवा बोर्ड लागला. निळा, पांढऱ्या अक्षरांचा. समोरच असल्याने गल्ल्यावरून रोज वाचावा लागेल. अक्षरे मोठी आहेत, चष्मा लागत नाही.

एजन्सी म्हणजे डोकेदुखी. टारगेट, कोटा, हिशोब, नागपूरला फेऱ्या. मी स्वतंत्र माणूस आहे, स्वतंत्रच राहीन.

तानबा आला होता. म्हणाला, मालक, ऐकलं का? गिरडच्या यात्रेत त्या साहेबानं पंपाचा स्टॉल लावला, लोकायले सांगून राह्यला का सिंदीत एका गृहस्थाच्या घरी व्हॉल नव्हता तं मासे रेतीवर आडवे झाले. लोक हासत होते, पण व्हॉल घेत होते. बीस बावीस विकले त्यानं.

मी विचारले, नाव सांगतो का तो? तानबा म्हणाला, नाई. नाव मी सांगलं.

कांताच्या घंगाळात पिल्ले झाली आहेत. काळी, मोहरीएवढी. ती रोज सकाळी एक तांब्या जुने पाणी काढून तुळशीला घालते आणि एक तांब्या नवे ओतते. मी विचारले, बादली लागत नाही? म्हणाली, नाई. तुमचं वचन खरं झालं.

हे ती कशा अर्थाने म्हणाली ते कळले नाही. माझे कान तेज आहेत, पण एवढे नाहीत.

५ जून, रविवार

ऊन कमी होत नाही. कूलरचा पंप नागपूरहून यायचा आहे. मोनोब्लॉक उघडला. सील जळले आहे, काळे झाले आहे. तसा पंप उत्तम, फक्त सील पाहिजे. कंपनीचे सील आता एजन्सीशिवाय मिळत नाही.

श्रावणला पाठवणार होतो. तो म्हणाला, मालक, रविवार आहे.

मीच गेलो. रूपरावने सील दिले, बाजारभावाने, वर एक फूट व्हॉल दाखवला. आखूड. नांदेतही मावेल असा. कंपनीने नवीन काढला आहे म्हणे. घेतला.

आत कूलर चालू होता. बसलो. चहा पण घेतला.